पाटा तिकडे राहिला

मित्रांनो, मी एक म्हातारा वरवंटा. काळ्या दगडाचा, वीतभराहून जरा लांब, मधे जाड आणि दोन्ही टोकांना निमुळता. तुमच्या घरी मिक्सर गुरगुरत असेल, म्हणून मला ओळखलं नाहीत तरी राग नाही. त्यातून मी एकटा दिसलो तर ओळखू यायचाही नाही. पाटा-वरवंटा असं आमचं नाव लोक एका दमात घेतात. पण आज मी जर्मनीतल्या एका घरात, चौथ्या मजल्यावर, स्वयंपाकघराच्या खिडकीशी पडून आहे, आणि माझा पाटा तिकडे सुप्याच्या अलीकडच्या वाडीत, रतनबाईच्या चुलीजवळ राहिला आहे. हे कसं झालं ते सांगतो.

आम्ही दोघं एकाच खडकातले. पारनेरच्या माळावर एका पाथरवटानं तो खडक फोडला. पसरट भागाचा पाटा झाला आणि उरलेल्या लांबोळ्या तुकड्याचा मी. टाकीचे घाव आम्ही एकमेकांच्या शेजारी पडून सोसले. मग गाढवाच्या पाठीवर, एका बाजूला तो, दुसऱ्या बाजूला मी, असं तोल सांभाळत वाडीत आलो. रतनबाई तेव्हा नवी नवरी होती. तिनं आम्हाला बोटानं वाजवून पाहिलं, पाथरवटाच्या बायकोशी हुज्जत घातली आणि घरात घेतलं.

त्या घरात मी जन्मभर पुरेल इतका वास भरून घेतला. भाजलेलं खोबरं, लसूण, चुलीत काळा केलेला कांदा, हिरवी मिरची. रतनबाई माझ्यावर वाकायची, बांगड्या मागं सारायची आणि वाटता वाटता ओवी म्हणायची. सासूला जे बोलता आलं नाही ते, नवऱ्याला जे सांगता आलं नाही ते, सगळं आधी पाट्याला आणि मला कळायचं. दगडाला कान नसतात असं कोण म्हणतं?

मित्रांनो, माझं आणखी एक काम होतं, आणि त्याचा मला फार अभिमान वाटायचा. आमच्याकडे बारशाला बाळाच्या आधी वरवंट्याला पाळण्यात घालतात. मला न्हाऊ घालतात, हळदकुंकू लावतात, बाळाची कुंची बांधतात. एक बाई पाळण्याखालून मला देते, दुसरी वरून घेते. कुणाची वाईट नजर असेल तर ती आधी दगडाला लागावी, आणि बाळ दगडासारखं टणक व्हावं, एवढीच त्यामागची माया. रतनबाईला एकच लेक झाली, पंकजा. तिच्या पाळण्यात तिच्याआधी मी निजलो.

पुढे सुप्याला कारखाने आले. वाडीतली पोरं कामाला लागली, घरोघर पगार आला आणि पगाराच्या मागोमाग मिक्सर आला. पाट्यावर पाण्याची कळशी बसली. मी दार उघडं राहावं म्हणून उंबऱ्याशी पडलो. कधी शेंगा फोडल्या, कधी मोटारसायकल सरकू नये म्हणून तिच्या चाकाखाली गेलो. शेजारची छबूबाई तेवढी म्हणायची, "रतने, मिक्सरच्या वाटनाला न्हाई गं चव. नुसतं पीठ झाल्यावानी लागतं." मी उंबऱ्यातून ऐकायचो आणि आतल्या पाट्याला ऐकू गेलं असेल का, असा विचार करायचो.

पंकजा नगरला नर्स झाली. तिचं लग्न अंगदशी झालं. तो सुप्याच्या कारखान्यात होता, तिथून त्याला जर्मनीत काम मिळालं. पंकजानं मागाहून जायचं ठरलं, आणि तेवढ्यात तिला दिवस गेले.

रतनबाई हरखली. पहिलं बाळंतपण माहेरी, ही आमच्याकडची रीत. तिनं मागची खोली सारवली, बाजेच्या नव्या दोऱ्या ओढल्या, डिंक आणि खारीक आणून ठेवली. मला उंबऱ्यातून उचलून घासून-पुसून पाट्यावर ठेवलं. किती वर्षांनी!  दगडाला दगड लागला तो आवाज मात्र तोच होता.

मग पंकजाचा फोन आला. बाळ इथं झालं तर त्याचे कागद, पासपोर्ट, व्हिसा यांत फार काळ जाईल, तोवर बाप तिकडे आणि बाळ इकडे. पोटात असतानाच गेलेलं बरं.

रतनबाईनं ऐकून घेतलं, फोन ठेवला, आणि लेकीशी बोलणं सोडलं.

पंकजा निरोप घ्यायला वाडीत आली तरी तेच. "तिला म्हनावं, जेवून घे," असं रतनबाई नवऱ्याला सांगायची. सहादेव बिचारा दोघींच्या मधे टपाल वाहायचा. "आगं, समोर बसलीय की, तूच सांग ना," तो म्हणाला, तर ती उठून माझ्याकडे आली आणि मिरची वाटायला लागली. वाटता वाटता ओवी आली:

*लेक चालली दूरदेशी, आडवं समिंदराचं पानी*
*मिरचीवर घालते बाई, माझ्या डोळ्यांची कहानी*

घरात मिक्सर असताना आई पाट्यावर का वाटते, हे पंकजाला कळत होतं. ती दारात उभी राहून ऐकायची. आत यायची तिची छाती होत नव्हती. आईनं तोंड भरून "ये" म्हटल्याशिवाय विमानात कसं बसायचं, एवढं एकच तिच्या मनात होतं.

निघायच्या आदल्या दुपारी बायका आल्या. ओटी भरायची होती. पंकजाची लहानपणीची मैत्रीण जया कारखान्यातली पाळी संपवून थेट आली, अजून अंगात कंपनीचा शर्ट. घरातलं गप्प वातावरण तिला सोसेना. ती स्वयंपाकघरात गेली, मला उचललं, कपाटातली पंकजाची जुनी कुंची माझ्या डोक्याला बांधली आणि मला पंकजाच्या मांडीवर टाकून म्हणाली, "घे बाई, आत्तापासून सराव कर! तिकडं रडायला लागलं तर गोऱ्या बाया पोलीस बोलावत्यात म्हनं!"

पंकजा हसली. पण बाकी बायकांच्या तोंडचं हसू विरलं.

"जये, डोकं हाय का फुटकं मडकं?" छबूबाई ओरडली. "पोटातलं बाहेर यायच्या आदी कुंची घालती व्हय? असं करत्यात का कुनी?"

जयाचा चेहरा उतरला. "मावशी, मला न्हाई ठावं… मी आपली गंमत…"

सगळ्यांनी रतनबाईकडे पाहिलं. ती चुलीपाशी होती. पदरानं हात पुसत आली. आता ही जयाला फाडून खाणार, असं मलासुद्धा वाटलं. पण ती लेकीच्या समोर बसली, तिच्या मांडीवरून मला उचललं, कुंचीची गाठ हळू सोडली. कुंची नीट घडी करून बाजूला ठेवली. मी तिच्या दोन्ही हातांत होतो. 

"तिकडं बारशाला वरवंटा कोन दील गं तुला?" ती म्हणाली.

इतक्या दिवसांत लेकीशी थेट बोललेले हे पहिले शब्द. पंकजानं तोंडावर पदर घेतला. जया सगळ्यात आधी रडली, आणि छबूबाईनं तिला शिव्या देत देत जवळ घेतलं.

संध्याकाळी बॅग भरली. सहादेवानं कांद्याच्या गोण्या तोलायचा काटा छताच्या हुकाला अडकवला आणि त्याला बॅग टांगली. आधीच ती काठोकाठ होती. मला ठेवलं तसा काटा पुढे पळाला. रतनबाईनं डिंकाच्या लाडवांचा डबा बाहेर काढला.

"आई, लाडू नको काढू," पंकजा म्हणाली.

"लाडू खाल्लं का संपत्यात. ह्यो न्हाई संपायचा."

तेवढ्यात अंगदचा व्हिडिओ कॉल आला. "मामी, दगड कशाला पाठवताय? हितं बी दगड हायती की!"

"असतील," रतनबाई म्हणाली. "त्यातल्या कुनी पंकीचं बारसं केलंय का?"

अंगदनं हसून कान पकडले. सहादेव मात्र पाट्याकडे बघत राहिला. "आगं, पर जोडी मोडती. पाट्यानं एकट्यानं काय करायचं?"

"मी काय करनार हाय?" ती म्हणाली. "त्येच त्यानं बी करायचं."

सहादेवानं काटा हुकावरून उतरवला.

सकाळी गाडी दारात आली. पंकजाच्या हातावर दही ठेवलं. ती वडिलांच्या पाया पडली, छबूबाईच्या पडली, जयाच्या गळ्यात पडली. आत रतनबाई अजून बॅग लावत नव्हती. तिनं मला पाट्यावर ठेवलं. वाटायला काही नव्हतं. कोरड्या पाट्यावरून तिनं मला एकदा पुढे नेलं आणि एकदा मागे आणलं. त्या एका फेऱ्यात आम्ही जे बोलायचं ते बोलून घेतलं. एका खडकातून निघताना आम्हाला निरोप घ्यावा लागला नव्हता, कारण तेव्हा आमची ताटातूट होणार नव्हती. मग तिनं मला जुन्या लुगड्यात गुंडाळलं, बॅगेत ठेवलं आणि चेन ओढली.

आतून मला दिसत नव्हतं, ऐकू येत होतं. "येते आई," पंकजा म्हणाली.  मग बोटं कानशिलावर कडकड मोडल्याचा आवाज आला, आणि रतनबाईचा फुटलेला स्वर: "ये माझे बाय. ये. दोघंबी या."

इथं थंडी फार. माझ्या अंगात भरलेला वास हळूहळू पातळ होतोय. पंकजा सकाळी मला हात लावून घरकामाला लागते. बाळाला अजून वेळ आहे. खिडकीतून खालच्या रस्त्यावर दगडी फरशा दिसतात. मी त्यांच्याकडे बघतो, पण त्यांतला एकही मला हाक मारत नाही.

परवा व्हिडिओवर रतनबाईचं घर दिसलं. पाटा भिंतीला टेकवलेला होता. छबूबाई म्हणत होती, "रतने, बाजारात नवा वरवंटा मिळतो, आन की. रिकामा पाटा बघवत न्हाई बाई."

रतनबाई पाट्यावरची धूळ पदरानं पुसत होती. मान वर न करता म्हणाली, "कशाला? त्याचा जोडीदार गावाला गेलाय."

म्हणून मित्रांनो, तुमच्या घरातून कुणी दूर गेलं असेल, तर त्याची चौकशी सगळेच करतात. तुम्ही मागं राहिलेल्याजवळ जाऊन बसा. त्याच्यावरची धूळ पुसा. त्याला बोलायला लावू नका. नुसता हात ठेवा; दगड असला तरी त्याला कळतं.