दांडीवरच्या चिठ्ठ्या

काकूंनी त्या ड्रायक्लीनिंगच्या दुकानात एकोणीस वर्षं उभ्याने काढली होती, मागच्या खोलीत, वाफेच्या प्रेससमोर. दुकानात खुर्ची एकच, पुढच्या काउंटरची. तिच्यावर बसणारी मुलगी लग्न करून महिनाअखेरीला जाणार होती. काकूंच्या टाचा दुपारपासूनच ठणकायला लागत, म्हणून त्यांनी धीर करून मालकांकडे शब्द टाकला. मालक तसे वाईट नव्हते. निम्मी गिऱ्हाइकं इंग्रजीत बोलतात, एवढंच त्यांनी सांगितलं आणि आठ दिवसांची मुदत दिली. तेवढ्यात जमलं तर खुर्ची काकूंची, नाहीतर बाहेरून कुणी आणावं लागेल.

काकूंना इंग्रजी अगदीच येत नव्हतं असं नाही. रेडी, क्लीन, लेट, टायर्ड, वीक असे शब्द कानावर पडून पडून जमा झाले होते, पण सगळे सुटे, डबीतल्या बटणांसारखे. एकदा उशिरा आलेल्या गिऱ्हाइकाला त्यांनी प्रेमाने "यू लेट" म्हटलं, तर तो बिचारा चोरी पकडल्यासारखा पाहतच राहिला.

कॉलेजात शिकणाऱ्या लेकीने घोडं कुठे पेंड खातं ते बरोबर ओळखलं. "आई, कपड्यावर आधी पाणी शिंपडतेस ना, मग इस्त्री फिरवतेस? तसंच आहे हे. लेट हा शब्द कोरडा फिरवायचा नाही. आधी मस्ट, शुड, माइट, कुड, यातला एक शिंपडायचा, मग बी, मग तुझा शब्द."

मस्ट बी टायर्ड, म्हणजे दमला असणार बाई. शुड बी रेडी, तयार असायला हवं. माइट बी लेट, उशीर होईलही कदाचित. कुड बी क्लीनर, याहून स्वच्छ निघू शकेल. काकूंना हे मनापासून पटलं. रोज सकाळी देवापुढे हात जोडून त्या एकच मागत, आज तोंडून खोटं जाऊ नये. आणि काउंटरवर तर दिवसभर "नक्की मिळेल, नक्की निघेल" चाललेलं असे. उद्याचं कुणाला ठाऊक? मिळायला हवं म्हटलं तर जीभ विटाळत नाही.

मग त्यांनी जुन्या चिठ्ठ्यांच्या कोऱ्या बाजूवर लेकीकडून एकेक जोडी लिहून घेतली. खाली स्वतःच्या अक्षरात उच्चार लिहिला आणि प्रेसवरच्या दांडीला सेफ्टी पिनेने ओळीने टोचून ठेवल्या. शर्टाची बाही दाबताना एक पाठ, पँटची घडी घालताना दुसरी. उत्साहाच्या भरात एवढंच विसरल्या, की त्या दांडीला दुकानात वेगळाच मान होता. बटण तुटलंय, अस्तर उसवलंय, असं गिऱ्हाइकाला कळवायचं असलं की चिठ्ठी तिथे टोचायची आणि कपडे बांधणाऱ्याने ती खालच्या कपड्याच्या कॉलरला लावून द्यायची.

कपडे बांधायचे डागवाले मामा. डाग काढण्यात त्यांचा हात धरणारा कुणी नव्हता. पण अक्षराशी त्यांचं जन्माचं वाकडं.

पाचव्या दिवशी सकाळी एक बसचालक हसत हसत आला. त्याच्या गणवेशाच्या कॉलरला चिठ्ठी निघाली होती, तुम्ही दमला असणार अशी. घरात बारा वर्षांत कुणाच्या लक्षात आलं नाही ते तुम्हाला कसं कळलं, असं विचारून तो निघूनही गेला. मालक बुचकळ्यात पडले. मागच्या खोलीत काकूंनी दांडी पाहिली तर सहा जोड्या गायब.

त्यांनी मामांना हलक्या आवाजात जाब विचारला. मामा उलट त्यांच्यावरच उखडले. दांडीवरची चिठ्ठी कपड्याबरोबर जाते, हा नियम पहिल्या दिवशी तुम्हीच शिकवलात, म्हणाले. ते खरंच होतं. मग कोणती चिठ्ठी कुठे गेली हे काकू एकेक करून आठवू लागल्या, आणि एका कपड्यापाशी अडल्या. शाळेच्या मोठ्या बाईंचा फिकट पिवळा कोट. बाहीवर शाईचा डाग. आणि त्याच्या कॉलरला, याहून स्वच्छ निघू शकेल.

दुपारी मोठ्या बाई आल्याच. कोट हातावर, चिठ्ठी दोन बोटांत धरलेली. त्या इंग्रजीतच बोलत, आणि त्यांच्यापुढे मालकसुद्धा शाळेतल्यासारखे ताठ उभे राहत. हे कुणी लिहिलं, असं मालकांनी दुकानभर विचारलं. काउंटरवरची मुलगी पांढरीफटक पडली.

पडद्याआड मामा कुजबुजले, "पोरीचं नाव सांगा. ती तर चाललीच आहे. खुर्ची हातची घालवू नका."

"मामा, त्या खुर्चीवर मग मला बसवेल का?" काकू म्हणाल्या, आणि पदराला हात पुसत बाहेर गेल्या.

"माय पेपर," त्या म्हणाल्या. पुढचे शब्द कुठे पळाले कोण जाणे. मालकांनी घाईघाईने सावरून घेतलं, की डाग आठवड्यात शंभर टक्के जाईल, नक्की जाईल. मोठ्या बाईंनी काकूंकडेच पाहिलं. काकूंनी बाही हातात घेऊन कापड बोटांत चोळलं. दोनदा औषध लागलं होतं. तिसऱ्यांदा लावलं तर शाईबरोबर सूतही जायचं.

"इट कुड बी क्लीनर," त्या सावकाश म्हणाल्या. "बट क्लॉथ माइट बी वीक."

मालकांनी डोळे मिटून घेतले.

मोठ्या बाईंनीही बाही उजेडात धरून पाहिली. मग इंग्रजीतच म्हणाल्या, तीन वर्षं या दुकानात नक्की, नक्की ऐकतेय आणि दोन कोट गमावून बसलेय. याला औषध लावू नका. नुसता धुऊन द्या. कधी मिळेल?

"शुड बी रेडी थर्सडे," काकू म्हणाल्या. हे मात्र एका दमात गेलं.

"मग गुरुवारी मी यांच्याशीच बोलेन," असं मालकांना बजावून त्या गेल्या. कोट काउंटरवरच राहिला.

मालकांनी तो कोट स्वतःच उचलून हँगरला लावला. गिऱ्हाइकाला नाही म्हणायचं आणि तरी त्याने कपडा ठेवून जायचं, असं त्यांच्या दुकानात पहिल्यांदाच घडलं होतं. "सोमवारपासून तुम्ही पुढे," ते म्हणाले. "आणि प्रेसवर कुणाला घेऊ, तेही तुम्हीच सांगा."

सोमवारी काकू खुर्चीवर बसल्या. दार वाजलं की उभ्या राहत, गिऱ्हाईक गेलं की बसत, पुन्हा दार वाजलं की उभ्या. दुपारपर्यंत चाळीसदा तरी झालं असेल. शेवटी मालक वैतागून म्हणाले, "काकू, अहो, बसून बोललं तरी चालतं."

"सवय व्हायला हवी," काकू म्हणाल्या, आणि दार वाजलं तशा पुन्हा उभ्या राहिल्या.