झाकल्या मुठीची सुपली

मी एक जुनी सुपली आहे, मित्रांनो. पण जुनी म्हणून कुणी मला माळ्यावर भिरकावू लागले, तर त्याच्या बोटात बांबूचे कुसळ भरवल्याशिवाय मी राहत नाही. आधीच सांगून ठेवते.

मला विणले गोजरने. मुरबाडच्या रानाकडेला तिचे घर. ती बांबू चिरायची, पट्ट्या भिजवायची आणि स्वतःशीच गुणगुणत विणायची. विणून झाल्यावर तिने मला शेणाने लिंपले, उन्हात वाळवले आणि डोक्यावरच्या चळतीतून धसईच्या बाजारात आणले. तिथे जनाबाईने मला उचलले, बोटाने टकटक वाजवले आणि कानाशी धरले. मडके वाजवून घेतात, सुपली कोण वाजवते? गोजरला हसू आले. जनाबाई म्हणाली, "हिला माझं गानं ऐकायचंय. बहिरी नको."

जनाबाई धवलारीण. म्हणजे लग्नात हळदीपासून पाठवणीपर्यंतची गाणी म्हणणारी बाई. तिच्या गळ्याशिवाय आसपासच्या गावांत हळद लागत नसे. एरवी मी घरात तांदूळ पाखडायचे. लग्न असले की मला हळदीची पाच बोटे लागायची आणि मी जनाबाईच्या मांडीवर बसून मांडवात मिरवायचे.

तेव्हाची रीत ऐका. माझ्यावर एक खण पसरलेला असे. गाणे ऐकून जिच्या मनात येईल ती बाई पुढे यायची, मूठ खणाखाली सरकवायची, तिथेच उघडायची आणि मोकळा हात बाहेर काढायची. कुणी तांदूळ ठेवी, कुणी सुपारी, कुणी नोट. एखादी काहीच ठेवत नसे. नुसता हात घालून काढी, आणि तिची लाज खण झाकून घेई. कुणी काय दिले ते एकट्या मला कळायचे. घरी गेल्यावर जनाबाई सगळे एकत्रच ओतायची, कुणाचे कोणते ते तिनेही कधी विचारले नाही.

मग मांडवात व्हिडिओवाला आला. त्याला खणाखालचे दिसेना, म्हणून खण गेला. पुढे माईक आला आणि अमक्या मामांकडून किती, ते गावभर ऐकू जाऊ लागले. त्यामागून गुलाबपाणी शिंपडणाऱ्या मुली आल्या, मेंदीवाली आली, डीजेवाला आला, वाढपी आले, आणि जो तो खुशी मागू लागला. पूर्वी खुशी देणाऱ्याची असायची. आता ती मागणाऱ्याची झाली. वीस दिले की तोंड वाकडे, पन्नास दिले की "बस का, काका?" या गलबल्यात जनाबाईला बोलावणी येईनाशी झाली. मी दोन उन्हाळे चुलीमागच्या खुंटीवर काढले. कोळ्याने माझ्यात घर केले आणि मी त्याला करू दिले.

यंदा अनिता आली. आसनगावजवळ एका गोदामात ती खोकी भरते. नवरा नाही, एकुलती लेक वैष्णवी. लग्नाचे सगळे काम शहापूरच्या प्रणितला पॅकेजमध्ये दिले होते, पण हळद तुझ्याच गळ्याने लागू दे, आत्ये, असे तिने सांगितले. गाण्याचे पैसे आणि लुगडे आधीच पुढे ठेवले. निघताना उंबऱ्यात थांबून म्हणाली, "एकच बघ आत्ये. माझ्या मांडवात कुनाची मान खाली नको जायला. मी लय वेळा घातलीय."

जनाबाईने मला खुंटीवरून काढले, झटकले, लिंपले. मी पुन्हा कडक झाले.

हळदीच्या दिवशी दुपारी आम्ही पोचलो, तेव्हा अनिता दारातच अडकली होती. गुलाबपाणीवाल्या मुलींना खुशी दिल्याशिवाय तिला तिच्याच मांडवात शिरता येईना. आत मेंदीवालीने नवरीचा हात धरून ठेवला होता. प्रणित हसतमुख पोरगा. त्याने जनाबाईच्या पाया पडून मला हातात घेतले आणि माझ्या कपाळावर चौकोनी कागद चिकटवला, मोबाइलने पैसे पाठवायचा. मग कानाशी लागून म्हणाला, "आजी, तिसऱ्या ओळीला थांबायचं. नवरीच्या गालाला हळद लागायच्या आधी. लोकं आपसूक मोबाइल काढतात."

जनाबाईने नुसता पदर सावरला आणि सूर लावला.

पयली हलद गो, मांडवाच्या मेढीला
दुसरी हलद गो, दारीच्या उंबराला

तेवढ्यात सावळी पुढे आली. अनिताची शेजारीण. लोकांच्या लावणीला, कापणीला मजुरीने जाते. तिची मूठ घट्ट मिटलेली होती. खण नसल्याने तिला ती कुठे घालावी कळेना. प्रणित मध्ये आला. "मावशी, मुठीत काय हाय? इथं स्कॅन करायचं. नसंल तर ऱ्हाऊ द्या, मागच्यांना येऊ द्या." मागे कुणीतरी हसले. सावळीची मूठ पदरात गेली. पाटावरच्या वैष्णवीने आईकडे पाहिले. अनिताची मान खाली गेली होती.

तिसरी हलद गो…

जनाबाई थांबली. मांडव थांबला. प्रणितने खूश होऊन तिला अंगठा दाखवला. जनाबाईने नख घालून माझ्या कपाळावरचा कागद खर्रकन ओढला. त्याबरोबर माझी एक पट्टीही निघाली. दुखले. पण कागद गेला.

"प्रणित, ह्या पोरींना पगार काय देतोस रे?"

तो पुटपुटला, की या धंद्यात असंच असतं, पोरींचं खुशीतच भागतं.

"म्हंजे प्याकेज तू घ्यायचं, नि पगार ह्या बायांनी द्यायचा? अनितानं तुला दिलं, मला दिलं. पोरींचं तू दे. आनि गानं अडवून मागतात ती खुशी नसते बाबा, तो टोलनाका असतो. हायवेवर हाय तेवढा पुरे."

मांडवात हशा पिकला. गुलाबपाणीवाली एक मुलगी सगळ्यांत मोठ्याने हसली. जनाबाईने आपला पदर माझ्यावर पसरला.

"ये गो सावळे. तुझी मूठ तुझीच."

सावळी आली. मूठ पदराखाली गेली, उघडली, हात मोकळा बाहेर आला. आणि जनाबाईने ओळ सोडली होती तिथूनच उचलली:

तिसरी हलद गो, माझ्या वैष्णवीच्या गालाला

मग बायांची रांग लागली. अनिताने मान वर केली आणि स्वतः लेकीच्या गालाला हळद लावली. सगळ्यांत शेवटी प्रणित आला. उकिडवा बसला आणि पदराखाली हात घातला. त्याचा हात बराच वेळ आत होता.

मित्रांनो, माझी ती पट्टी पुन्हा कुणी बसवली नाही. मला बसवायचीही नाही. मला अधूनमधून ऊन दाखवा, उंदरांपासून राखा आणि मांडवात नेताना माझ्यावर खण घाला, एवढेच मागणे.

सावळीच्या मुठीत काय होते, प्रणितने काय ठेवले, हे विचारायला व्हिडिओवाला दोनदा येऊन गेला. मला ठाऊक आहे. फाटेन, चुलीत जाईन, पण सांगणार नाही.