दोनशेचाळीस वॅट कुठं गेले?

सारजाबाईंनी अंबुबाईला सगळ्यांदेखत झापलं, ती मंगळवारची सकाळ होती. "हात जड झालाय तुजा. जाड थापतीस, मग भाकरी वातड हुणार न्हाय तर काय!" अंबुबाईनं डोळ्याला पदर लावला आणि पुढचा पिठाचा उंडा हातात घेतला.

सारजाबाई मूळच्या मोहोळकडच्या. शुक्रवार पेठेत दोन खोल्या घेऊन त्या कडक भाकरीचा धंदा करायच्या. हाताखाली नऊ बायका. भाकरी पातळ थापायची, तव्यावर भाजायची आणि मग विजेच्या भट्टीत ठेवून पार कडक करायची, अशी तिथली रीत. जागा पुरेना म्हणून महिन्यापूर्वी भट्टी आतल्या खोलीत हलवली, आणि तेव्हापासून भाकऱ्या वाकायला लागल्या. भट्टी विकणाऱ्याचा माणूस येऊन बघून गेला. "मशीन तापतंय की मावशी, दोष तुमच्या पिठात हाय," म्हणाला. सारजाबाईंनी पीठ बदललं, गिरणी बदलली, आणि शेवटी राग काढला तो अंबुबाईवर.

तरी भट्टीची शंका जाईना, पण नेहमीचा वायरमन लग्नाला गावी गेलेला. त्यानं फोनवर एक नंबर दिला, आणि त्याच दुपारी दारात आली ती एक बाई. पंचेचाळिशीची, पायात रबरी बूट, खांद्याला पिशवी.

"मी रत्नम्मा. भट्टी कुठं आहे, अक्का?"

सारजाबाईंनी तिला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "तुमी करनार?"

"बघते तर. नाही जमलं तर तसं सांगते."

रत्नम्मानं भट्टी उघडली नाही, की ठोकून पाहिली नाही. आधी मागं चिकटवलेली पत्र्याची पाटी वाचली : २३० व्होल्ट, २००० वॅट. मग भट्टी चालू करून पिशवीतल्या मीटरच्या दोन काड्या तिच्या जोडणीला लावल्या. दुसरं एक चिमट्यासारखं यंत्र काढून एकाच तारेभोवती अडकवलं. दोन आकडे पाहिले आणि शहाबादी फरशीवर खडूनं लिहिले : १९८. साडेसात.

"हा विजेचा दाब, आणि ही वाहणारी वीज," ती म्हणाली. "दाबाला विजेनं भागलं की आतली तार किती अडवते ते कळतं. सव्वीस पूर्णांक चार. पाटीवरून काढलं तरी तेवढंच येतं. म्हणजे भट्टी ठणठणीत आहे. आता दोन्ही आकडे गुणले की मिळणारी ताकद."

ती खडू टेकवणार, तोवर सारजाबाईंच्या तोंडून निघून गेलं, "दोनशे साडेसात दीड हजार. त्यातनं दोन साडेसात पंधरा गेलं. चौदाशे पंच्याऐंशी!"

रत्नम्मा चमकून बघत राहिली, मग मोकळं हसली. "मला हे कागदावर करायला लागतं, अक्का."

"पर दोन हजार पायजेत की!"

"तेच तर. भट्टीला पोटभर मिळतच नाही."

ती बाहेरच्या खोलीत गेली, घराच्या वीजमीटरच्या बोर्डावर काड्या लावल्या. तिथं दोनशेतीस. ती पुन्हा फरशीवर बसली. "बोर्डावर दोनशेतीस, भट्टीपाशी एकशे अठ्ठ्याण्णव. बत्तीस वाटेत गेले. बत्तीस गुणिले साडेसात?"

"दोनशेचाळीस," सारजाबाई म्हणाल्या, आणि त्यांचा आवाज आपोआप उतरला.

"दोनशेचाळीस वॅट ह्या दोन खोल्यांत कुठंतरी तापतायत. भट्टीत नाही. मग कुठं?"

बायकांचे हात थांबले. रत्नम्मा वायरीवर नजर ठेवून भिंतीकडेनं चालत गेली. वायर पिठाच्या पोत्यांमागं शिरली होती. तिनं आधी बोर्डाचं बटण बंद केलं, मग पोती ओढायला सगळ्यांना बोलावलं. मागं बारीक वायरीचं अख्खं वेटोळं पडलेलं. भट्टी हलवताना कुणीतरी साठ मीटरचा गुंडा न कापता तसाच जोडला होता. आतले पदर एकमेकांना चिकटले होते, आणि टेकलेल्या पोत्यावर करपल्याचा पिवळा डाग पडला होता.

सारजाबाईंनी वेटोळ्याला हात लावला आणि झटकन मागं घेतला. आणखी आठ दिवस गेले असते तर पोतं पेटलंच असतं. गुणाकार फरशीवर तसाच होता. पोत्यांमागची, लागू घातलेली आग ह्या बाईनं खडूच्या चार ओळींत पकडली होती.

"कुटं शिकलात वो हे?"

"वीस वर्षं विड्या वळल्या. बोटं आखडली तेव्हा वायरमनच्या कोर्सला नाव घातलं. वर्गात सगळी पोरं, बाई मी एकटी. भागाकार पक्का व्हायला महिना गेला. सर चिडायचे, मी उठून जायची नाही."

तासाभरात तिनं बोर्डापासून भट्टीपर्यंत जाड वायर ओढली, हवी तेवढीच, दहा मीटर. पुन्हा काड्या लावल्या : दोनशे अठ्ठावीस व्होल्ट, आठ पूर्णांक सहा. ह्या वेळी दोघींनी मिळून गुणाकार केला. एकोणीसशे साठ. पहिला घाणा निघाला तो कडकडीत.

रत्नम्मानं पिशवी आवरली. सारजाबाई मात्र तिला निरोप द्यायच्या आधी तव्याकडं गेल्या. सकाळी सगळ्यांदेखत बोलल्या होत्या, म्हणून आताही सगळ्यांदेखतच म्हणाल्या, "अंबुबाई, माजंच चुकलं गं. तुजा हात पातळच हाय. मी भलतीकडंच बघत बसले."

अंबुबाईनं मान वर केली. "व्हय, मला म्हाईत हुतं," एवढंच म्हणाली. मग रत्नम्माकडं वळून तिनं हात पुढं केला. "बाई, ते चिमट्यावानी काय हाय, ते मला एकदा धरून दावा की."

रत्नम्मा पिशवी खाली ठेवून परत फरशीवर बसली, एका बाजूला अंबुबाई आणि दुसऱ्या बाजूला सारजाबाई.