ओला पाला आणि डॉलरचा भाव

बेबीनंदा गेल्यापासून संपतच्या दारात रोज माणसं येत होती. येणारा चप्पल काढायचा, ओसरीवरच्या सतरंजीवर बसायचा, लई वाईट झालं म्हणायचा आणि गप्प व्हायचा. मग थोड्या वेळानं आभाळाकडं बघून पावसाचं काढायचा. यंदाच्या पावसाला काही धरबंध नव्हता. मोबाईलवर ऊन दाखवलं की कोसळायचा, आणि गावात दवंडी पिटून सावध केलं की दिवसभर चटका बसायचा. पावसाचं निघालं की बसलेली माणसं सैल व्हायची. कुणी आपल्या सोयाबीनचं सांगायचं, कुणी घरात शिरलेल्या पाण्याचं.

संपतला ते चालायचं. बायकोबद्दल कुणी बोललं की काय उत्तर द्यावं ते त्याला सुचायचं नाही. पावसाबद्दल बोलायला काही सुचावं लागत नाही.

दुसरा विषय डॉलरचा. वाटूर फाट्यापासून आत असलेल्या त्या गावाचा डॉलरशी काय संबंध, असं परक्याला वाटलं असतं. पण संपतचा मुलगा आर्यन मस्कतला एका गोदामात कामाला होता, आणि गावात चार-पाच घरं रेशीम करत होती. शेजारचा बद्रीनाथ त्यातला सगळ्यात जुना. त्याचा हिशेब असा, की डॉलर चढला की चीनचा धागा महाग पडतो, व्यापारी आपल्या कोषाकडं वळतो आणि जालन्याच्या बाजारात भाव सुधारतो. हे कितपत खरं ते कुणी तपासलं नव्हतं. भाव वाढला की बद्रीनाथ म्हणायचा, बघा, मी म्हणलो न्हवतो का. पडला की म्हणायचा, डॉलरनं दगा दिला.

आर्यनचा फोन संध्याकाळी यायचा. आईला छातीत कळ आली आणि परतूरच्या दवाखान्यात पोचायच्या आत ती गेली. तो कामावर नवा होता, रजा मिळाली नाही. त्यामुळं त्यानं जे काही पाहिलं ते फोनच्या पडद्यावर. तेव्हापासून बापलेकाचं बोलणं ठरून गेलं होतं. तो विचारायचा, पाऊस हाये का. संपत सांगायचा, हाये. मग संपत विचारायचा, भाव काय. तो सांगायचा, डॉलर अजून वर गेला, रियालबी त्याच्यासंगं वर गेला. मग दोघं थोडा वेळ फोन नुसता कानाला लावून धरायचे. मग तो म्हणायचा, ठेवतो बाबा. दुसऱ्या दिवशी ओसरीवर कुणी विषय काढला की संपत हाच भाव सांगायचा. तेवढी एकच ताजी बातमी त्याच्याजवळ असायची.

बाकी दिवस शेडमध्ये जायचा. घराच्या बाजूला, तुतीच्या रानाला लागून पत्र्याचं लांब शेड होतं. रेशमाचं सगळं बेबीनंदाचं. तिनंच शिकून घेतलं होतं, तिनंच सुरू केलं होतं. संपत सांगेल ते करायचा. ती गेली त्याच्या आदल्या दिवशीच छोट्या अळ्यांचे ट्रे आले होते. तिनं त्या रॅकवर पसरल्या होत्या, पहिला पाला टाकला होता. मयत झालं त्या दिवशी बद्रीनाथनं पाला टाकला. दुसऱ्या दिवसापासून संपत टाकू लागला. कुणी त्याला टाक म्हणलं नव्हतं, आणि त्यानंही ठरवलं नव्हतं. पहाट झाली की तो उठून विळा घ्यायचा.

पावसानं त्यात काम वाढवलं होतं. ओला पाला खाल्ला की अळ्यांना हगवण लागते आणि रॅकच्या रॅक काळे पडतात. म्हणून कापलेल्या फांद्या झटकायच्या, ओसरीच्या मागच्या खोलीत जुन्या लुगड्यांवर पसरायच्या, वरून पंखा लावायचा, वीज गेली तर पुठ्ठ्यानं वारा घालायचा. पाला हाताला कोरडा लागला की शेडमध्ये. तोवर पुढच्या पाल्याची वेळ यायची. चौथी कात टाकल्यावर अळ्या अशा खातात की माणसाला बसायला मिळत नाही. संपतला तेच पाहिजे होतं.

अशात बेबीनंदाचे थोरले भाऊ भारत आले. ते निवृत्त शिक्षक, मंठ्याला राहायचे, सगळं गाव त्यांना मास्तर म्हणायचं. रविवारी पुण्यानुमोदन, म्हणजे गेलेल्या माणसासाठी वंदनेचा कार्यक्रम, ठरलं होतं. पाहुण्यांना निरोप गेले होते. पण मंडपवाल्यानं चिखल बघून हात वर केले होते, आणि ओढ्याकाठच्या विहारात गुडघाभर पाणी होतं. मास्तरांनी घराला एक फेरी मारली, ओसरी मोजल्यासारखी बघितली आणि शेडपाशी येऊन थांबले.

ओसरीवर तेव्हा बद्रीनाथ होता, आणखी दोघं-तिघं होते. मास्तर येऊन बसले. "दाजी, शेड मोकळं करावं लागंल. दुसरी जागाच न्हाई," ते म्हणाले.

"आत अळ्या हायेत," संपत म्हणाला.

अळ्या असताना तिथं कार्यक्रम होणार नाही, एवढं मास्तरांना माहीत होतं. अगरबत्तीचा धूर, मेणबत्त्या, डोक्याचं तेल, अत्तर, कशाचाही वास अळ्यांना सोसत नाही. म्हणून तर मोकळं करायचं म्हणत होते. ते म्हणाले, नुकसान मी भरून देतो, तिचा भाऊ हाये मी. "काय भाव चालू हाये कोषाचा?"

संपतला भाव विचारला, त्यानं भाव सांगितला. "परवा बरा व्हता. पण डॉलर चढून राह्यला, मास्तर. बद्रीनाथ म्हणतो, अजून वाढंल."

बद्रीनाथनं मान खाली घातली. मास्तरांनी हातातला चहा तसाच खाली ठेवला.

"बहिणीचं पुण्यानुमोदन हाये दाजी, कोषाचा बाजार न्हाई," ते म्हणाले, आणि छत्री न उघडताच पावसात निघाले.

काय झालं ते संपतला लगेच कळलंच नाही. त्याला वाटलं मास्तरांना एसटी गाठायची असेल.

गावाला मात्र कळलं. संध्याकाळपर्यंत नळावर बोलणं सुरू झालं, की संपत बायकोच्या कार्यक्रमाला शेड द्यायला तयार नाही, डॉलर चढायची वाट बघून राह्यला. कुणी म्हणलं, मंग रविवारी अळ्यांनाच जेवायला वाढा. बद्रीनाथच्या बायकोनं, उषाबाईनं, ते जसंच्या तसं पाण्याला आलेल्या ज्योत्स्नाच्या कानावर घातलं. ज्योत्स्ना म्हणजे संपतची मुलगी. संभाजीनगरला एका दवाखान्यात नर्स होती, आई गेल्यापासून इथंच होती. ती हंडा तिथंच ठेवून तडक शेडवर आली.

"पाय धुऊन ये. चुन्यात पाय दे," संपत आतून म्हणाला.

तिनं पाय धुतले, रोग आत जाऊ नये म्हणून दारात टाकलेल्या चुन्याच्या भुकटीत दिले आणि आत आली. संपत फांद्या टाकत होता. ती त्याच्या मागं मागं रॅकच्या कडेनं चालत राहिली.

"पैशासाठी करून राह्यले का बाबा हे?"

"न्हाई."

"मंग मामाला तसं का म्हणले?"

"त्यांनी भाव इचारला."

ज्योत्स्ना तिथंच थांबली. बापाला ती ओळखत होती. याच्यापुढं तो काही सांगणार नाही हे तिला माहीत होतं. पण मामाचं तोंड तिच्या डोळ्यांपुढं होतं, आणि नळावरचं हसणंही. आईचा कार्यक्रम नीट झाला नाही तर लोक तिच्या तोंडावर काय म्हणतील, आर्यन काय म्हणेल, हे सगळं तिनं एका दमात सांगितलं. शेवटी म्हणाली, "एवढी एक खेप गेली तर काय होतंय? द्या फेकून."

संपत फांद्या टाकत टाकत रॅकच्या टोकापर्यंत गेला. मग मोकळ्या हातानं परत आला.

"फेकता येतील," तो म्हणाला. "पण मंग उद्या पहाटं उठून मी काय करू?"

त्यानं तिला खरंच विचारलं होतं. तो उत्तराची वाट बघत उभा होता. दारातल्या फांद्यांचा एक भारा तिनं उचलला आणि दुसऱ्या बाजूच्या रॅकला लागली.

त्याच दिवशी तिनं मामाला फोन केला. म्हणाली, कार्यक्रम आठ-दहा दिवस पुढं घेऊ, कोष निघाले की शेड आपोआप मोकळं होईल. मामा म्हणाले, निरोप गेलेत. ती म्हणाली, आपल्यात तिथी न्हाई, मुहूर्त न्हाई, हे तुम्हीच आम्हाला शिकवलं. मामांनी फोन ठेवला. मग तिनं ज्यांना जमलं त्यांना स्वतःच कळवलं. सगळ्यांना कळवणं शक्य नव्हतं.

रविवार उजाडला तो उकाडा घेऊन. रात्री पाऊस झाला होता आणि सकाळी वाफ निघत होती. त्या उबेनं अळ्या लवकर पिकल्या. संपत पाला घेऊन आत गेला तर बऱ्याच अळ्यांनी खाणं टाकलेलं. अंग पिवळसर, काचेसारखं झालेलं, डोकी वर करून हलवत होत्या. अशा वेळी त्यांना चंद्रिकेवर, म्हणजे कोष करायच्या जाळीवर, टाकावं लागतं. उशीर झाला की त्या कुठंही धागा सोडतात आणि सगळं वाया जातं. एवढं मोठं शेड दोघांच्या आवाक्यातलं नव्हतं. ज्योत्स्ना धावत जाऊन बद्रीनाथला आणि उषाबाईला घेऊन आली. चौघं वाकून वेचायला लागले.

दहाच्या सुमाराला जीप आली. मास्तर उतरले, पांढऱ्या कपड्यांत, काखेत बेबीनंदाचा फ्रेम केलेला फोटो. मागं बायका-माणसं मिळून पंधराएक जण. मास्तरांनी कार्यक्रम रद्द मानला नव्हता. ओसरीवर तर ओसरीवर, असं ठरवून ते आले होते. ओसरीवर कुणीच नव्हतं म्हणून ते शेडकडं आले.

दारातून ते बराच वेळ आत बघत राहिले. संपतनं त्यांच्याकडं पाहिलं आणि परत खाली वाकला. राम राम नाही, जय भीम नाही.

"किती वेळ लागंल?" मास्तरांनी विचारलं.

"हात किती हायेत त्याच्यावर हाये," संपत म्हणाला.

मास्तरांनी फोटो जीपमध्ये नेऊन ठेवला. पाय धुतले. चुन्यात पाय देणार तेवढ्यात उषाबाई आतून म्हणाली, मास्तर, तुमच्या डोक्याला तेल हाये. त्यांनी खिशातला रुमाल काढून डोक्याला घट्ट बांधला आणि आत आले. मागच्या बायकांमध्ये कुणी गजरा काढून जीपच्या आरशाला अडकवला, कुणी बांगड्या मागं सारल्या. ज्यांनी अत्तर लावलं होतं त्यांना ज्योत्स्नानं चंद्रिका उलगडायला बाहेर बसवलं. अळी दोन बोटांत कशी धरायची, दाबायची नाही, हे बद्रीनाथ सांगत फिरत होता. एकीनं ई करून हात झटकला तेव्हा उषाबाई म्हणाली, बाई, अंगावर रेशीम घालताना ई म्हणत न्हाईस. थोडं हसू झालं. मास्तरही हसले. संपतला हसू ऐकू आलं, पण तो आपल्या रॅकवर होता.

काम संपायला तिसरा प्रहर झाला. मग ओसरीवर फोटो मांडला. अर्धी माणसं वर, अर्धी छत्र्या धरून अंगणात. मेणबत्ती दोनदा विझली, दोनदा लावली. मास्तरांनीच वंदना घेतली, त्रिशरण, पंचशील झालं. ते बेबीनंदाबद्दल चार शब्द बोलणार होते, पण पावसाचा जोर वाढला आणि अंगणातली माणसं भिजायला लागली म्हणून त्यांनी आवरतं घेतलं. आर्यन फोनवर होता. त्याला आवाज नीट येत नव्हता, तरी तो शेवटपर्यंत थांबला.

पाहुणे निघून गेले. जीपमध्ये जागा असूनही मास्तर राहिले. ओढ्याला पाणी असंल, म्हणाले.

दुसऱ्या दिवशी पहाटे संपत उठला. विळा घेतला, तुतीच्या रानापर्यंत गेला आणि तिथं त्याच्या लक्षात आलं की पाला लागणार नाही. चंद्रिकेवर गेलेली अळी खात नाही. तो तसाच परत आला, विळा खुंटीला लावला आणि ओसरीवर बसला. शेडमधून काही आवाज येत नव्हता. पाऊसही थांबला होता.

मास्तर उठून बाहेर आले. संपतला बसलेला बघून शेजारी बसले. ज्योत्स्नानं चहा आणून दिला. मास्तरांनी आभाळाकडं पाहिलं आणि म्हणाले, आज दुपारून परत येईल असं दिसतंय.

"मास्तर, पावसाचं राहू द्या," संपत म्हणाला. "ती लहानपणी कशी व्हती, ते सांगा."

मास्तरांनी कप हातात फिरवला. संपत वाट बघत राहिला. त्याला कुठं जायचं नव्हतं.

"माती खायची," मास्तर शेवटी म्हणाले. "भिंतीची. भिंत ओली झाली की वास सुटायचा, मंग तर बिलकुल ऐकायची न्हाई. आईनं लई मारलं, पण भिंतीला वीतभर खळगा करून ठेवल्ता."

"इथंबी खायची. ज्योत्स्नाच्या वक्ताला."

"खरं म्हणता?"

"हां."

"कोणत्या भिंतीची?"

संपतनं हात लांब करून दाखवलं. भिंतीला आता सिमेंटचा गिलावा होता. मास्तर उठले, त्या भिंतीपाशी गेले आणि गुडघ्यावर हात ठेवून, खाली वाकून बघायला लागले.

"अजून खाली," संपत म्हणाला.