कुंदनच्या नावाची मूठ

मित्रांनो, मी जुना दगड आहे. जातं म्हणतात मला. आणि माझा राग अजून गेलेला नाही, तेव्हा गोड बोलण्याची अपेक्षा करू नका.

पारोळ्याकडच्या एका पाथरवटाने मला घडवलं. या घरच्या सुकदेवच्या आईबरोबर मी सुरतेला, लिंबायतच्या या खोलीत आलो. तेव्हा घरचं सगळं दळण माझ्यावर व्हायचं आणि म्हातारी माझं कौतुक करायची. मग कोपऱ्यावर गिरणी आली. आता वर्षभर माझ्या डोक्यावर चपला असतात. पण श्रावणात कानबाई, आमची खानदेशची देवी, घरी आली की आदल्या दिवशी मला धुतात, हळदकुंकू लावतात, कारण तिच्या नैवेद्याच्या रोटाचे गहू माझ्यावरच दळायचे. घरातल्या प्रत्येक पुरुषाच्या नावाने सव्वा मूठ. माणूस कितीही दूरदेशी असो, त्याची मूठ पडते. मेलेल्याची तेवढी पडत नाही.

सुकदेवचा मुलगा कुंदन पोलंडला गेला, तिथलीच बायको केली, तिथलाच नागरिक झाला. धाकटी योगिता शिकली आणि संरक्षण खात्याच्या प्रयोगशाळेत तिची निवड झाली. फक्त सुरक्षा चौकशी उरली होती. परदेशात नातलग कोण, ते त्यात सांगायचं होतं. पोरगी भावाचं नाव देणारच होती. तेवढ्यात शेजारचा हिलाल शहाणपण पाजळायला आला. परदेशी भाऊ म्हटला की नोकरी गेलीच समजा, झाकली मूठ सव्वा लाखाची, म्हणाला. सुकदेव घाबरला. त्याने पोरीला गळ्याची शपथ घातली आणि तिने 'कोणी नाही' असं लिहून दिलं. ऐकून माझ्या अंगाची लाही लाही झाली.

चौकशीचे साहेब आले ते नेमके रोटाच्या दळणाच्या दिवशी. सुकदेव त्यांना सांगत होता, एकच लेकरू आहे, हीच पोरगी. इकडे त्याची बायको मंगलाबाई माझ्यापाशी बसून मुठी घालत होती. मालकांची पडली, दिराची पडली. मग पोराची मूठ भरून दरवर्षीच्या सवयीने ती आपल्या अहिराणीत मोठ्याने म्हणाली, "ही मना कुंदननी."

कुंदन कोण, असं साहेबांनी विचारलं.

"मुलगा होता, साहेब," सुकदेव म्हणाला. "वारला."

मेल्या, तुझी जीभ कशी झडली नाही! मंगलाबाईचा हात माझ्यावर तसाच राहिला. मूठ मागे घ्यावी तर पोर मेलं, घालावी तर पोरीची नोकरी जाणार. आईवर अशी वेळ आणतात का कुणी?

योगिता उठली, आईसमोर येऊन बसली आणि तिने माझा खुंटा धरला.

"घाल, आई."

मंगलाबाईने मूठ सोडली. "मना पोऱ्या जित्ता शे, साहेब," ती म्हणाली आणि दोघी दळू लागल्या.

साहेब माणूस म्हणून वाईट नव्हते. भाऊ परदेशात आहे एवढ्यावरून कुणाला काढत नाहीत, तो काय करतो, संबंध कसे, ते बघतात, असं त्यांनी सांगितलं. पण जे लपवलं, त्याचं काय करू, म्हणाले. नोकरी गेली. हिलाल अजून ओट्यावर बसून दुसऱ्यांना सल्ले देतो. त्या वर्षीचा रोट सुकदेवच्या घशाखाली उतरला नाही. बरं झालं!

मित्रांनो, मला खुशाल चपलांखाली ठेवा, मी दगड आहे, सोसेन. पण ज्याची मूठ माझ्यात घालता, त्याचं नाव सरकारने विचारलं तरी तोंड भरून सांगा.