माथ्यावर आलेला समुद्र

मी शान्यराक बोलतोय. जाड लोकरीच्या नमद्यांचं आमचं गोल घर. त्याच्या माथ्यावरचं लाकडी कडं म्हणजे मी. छताच्या साऱ्या काड्या माझ्यात येऊन रुततात. मी ढळलो की घर बसलंच! वाळुंजाचं लाकूड वाफेवर वाकवून मला घडवलं. भिंती बदलल्या, नमदे बदलले, मी तोच आहे. मला मिरवायला आवडतं, लपवू कशाला?

माझ्यावर नमद्याचं झाकण असतं. पहाटे दोरी ओढून ते उघडायचं, हा सुनेचा मान. उजाडल्यावरही ते बंद दिसलं, तर वस्ती दोनच अर्थ काढते: सून आळशी, नाहीतर घरात कुणी गेलं.

आमच्या मोल्दिरची सासू म्हणजे अपा. तिचा जन्म कॅस्पियन समुद्राच्या काठी गेला. एका उन्हाळ्यात तिची कंबर मोडली आणि ती उताणी पडून राहिली. दार पूर्वेला, आखाताकडे. पण तिची मान वळेना. उचलावं तर कळ मस्तकात जायची.

"मरायच्या आधी एकदा सकाळचं पाणी दाखव गं," ती मोल्दिरला म्हणायची.

एका पहाटे उंटीण दावं तोडून पळाली. मोल्दिर तिच्यामागे धावली आणि झाकण तसंच राहिलं. सूर्य आखातातून वर आला. पाण्यावरचा उजेड दारातून आत उसळला, काड्यांवरून थरथरत चढला आणि माझ्यापाशी पोचला. माझ्या अंगभर सोनेरी लाटा नाचू लागल्या.

"अगं, समुद्र वर आला!" अपा ओरडली.

मोल्दिर धापा टाकत आली आणि तिनं घाईघाईनं झाकण ओढलं. वरून उजेड आत आला, लाटा पुसल्या गेल्या.

"लाव, लाव ते आधी!" अपा म्हणाली.

दुसऱ्या दिवशी मोल्दिरनं दोरीला हातच लावला नाही. बंद झाकण पाहून शेजारीण काम्शातनं बाहेरूनच गळा काढला, "माझी अपा गं, सोडून गेलीस गं!" मागून आणखी बायका रडत आल्या.

आतून अपा कडाडली, "मेले नाही अजून! रडायचं तर हळू रडा, मी समुद्र बघतेय!"

बायका ओशाळून आत आल्या आणि तिच्या शेजारी उताण्या पडल्या.

"जन्मभर या पाण्यात हात घातले," काम्शात पुटपुटली, "पण असं कधी दिसलं नाही."

"मान वर करायला फुरसत होती का तुला? मला तरी कुठे होती!"

तेव्हापासून आमच्या झाकणावरून मोल्दिरला कुणी बोललं नाही.

उन्हाळा सरता सरता एका सकाळी लाटा माझ्यावरून उतरून गेल्या, तरी झाकण बंदच होतं. वस्तीत कुणी रडलं नाही. अपा समुद्र बघत असेल, असंच सगळ्यांना वाटलं. मोल्दिर तिचा गार पडलेला हात धरून बसली होती. बऱ्याच वेळानं तिनं दोरी ओढली.

आता मोल्दिरचेच केस पिकलेत. मला चीर गेलीय. तिचा मुलगा गावात सिमेंटचं घर बांधतोय; मला तिथे भिंतीवर शोभेला टांगायचं म्हणतो. अरे, मी काय शोभेचा आहे? मी समुद्र अंगावर घेतलाय! मला छतालाच लाव बाबा, आणि दार पाण्याकडे ठेव. खाली तुझ्या आईचा बिछाना घाल.