चालू करायची नाही अशी मशीन

शहापूरच्या शेतकरी संघात कंप्युटरचं सगळं ओझं स्नेहलच्या डोक्यावर, आणि हार मात्र चेअरमन अनंतानानांच्या गळ्यात. शहापूरचं ऑफिस उद्या जळालं-बुडालं तरी काम अडू नये, म्हणून तिनं मुरबाडच्या शाखेत शहापूरच्या मशीनची जुळी नक्कल ठेवायचं मनावर घेतलं होतं. इंटरनेटची लाइन एवढी मरतुकडी, की सगळा डेटा तिच्यावरून ढकलायचा तर दिवाळी उजाडली असती. संचालक फिदीफिदी हसले. नाय जमलं तर काम ठाण्याच्या ठेकेदाराला, म्हणाले.

स्नेहलनं पहिली नक्कल डिस्कवर भरली, डिस्क ओढणीत गुंडाळली आणि जीपनं किन्हवलीमार्गे आणून मुरबाडच्या सर्व्हरवर चढवली. आता लाइनीवरून जायचा तो फक्त रोजचा फरक. अट एकच: मूळ मशीन चालतेय तोवर नक्कल चालू करायची नाही. चालू झाली की ती स्वतःचंच काहीबाही लिहिते, मूळ मशीनशी मेळ तुटतो आणि सगळं पुन्हा पहिल्यापासून.

पण आपल्याकडे गिरणी येवो नाहीतर पंप, मोठ्या माणसानं बटण दाबल्याशिवाय वस्तू आलीच नाही म्हणतात! उद्घाटनाला नाना कडक इस्त्रीत मुरबाडला हजर. मागे त्यांची बायको गीताबाई, हातात कुंकवाचं ताट. नानांनी खुर्ची ओढली, माउस धरला आणि बाण थेट नकलेच्या ‘चालू’वर नेला.

“नाना, हात काढा!”

नानांनी मान वळवली, हात माउसवरच.

“काय गो? बटण दाबायचं नाय तर मी आलो कशाला?”

स्नेहलचं डोकं सटकलं. “शहापूरची मशीन मेली काय? पहिली बायको धडधाकट नांदतेय नि तुमी दुसरीला माळ घालताय!”

“घाला ना,” गीताबाई म्हणाली. “मंग बघतेच मी!”

नानांनी चटका बसल्यासारखा हात काढला. सगळी शाखा हसली, नानाही हसले.

“तुमचं बटण हे,” स्नेहलनं दुसरी खिडकी उघडली. “दोन्ही मशीन जुळवायचं. दाबा.”

नानांनी दाबलं. पट्टी थोडी सरकली नि अडली. मग टुणकन हिरवी खूण आली: जुळलं! कालपासूनचा फरक चहा निवायच्या आत मुरबाडला पोचला.

नानांनी तिथूनच शहापूरला फोन लावला, अख्ख्या बाजाराला ऐकू जाईल असा. “ठेकेदाराला येऊ नको म्हण! आपल्या स्नेहलनं केलं! आँ? बटण? बटण मीच दाबलं!”

“तिनं दाबू दिलं म्हणून!” गीताबाई फोनात तोंड घालून ओरडली.